‘आमच्या गावचा मामला’ : संघराज्य, जग आणि गावकुसाबाहेरचा माणूस

१

अलीकडे आपल्याकडच्या विचारवंतांना संघराज्याची फार काळजी लागून राहिली आहे. परिसंवाद होतात, विशेषांक निघतात, अग्रलेख लिहिले जातात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जगभर लोकानुनयी नेतृत्वाची लाट आली आहे. हे नेतृत्व सारी सत्ता एका हाती गोळा करते, म्हणून संघराज्य मोडते. आणि तेच नेतृत्व ‘आमचे आम्ही बघू’ म्हणत करार झुगारते, म्हणून राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्यही मोडते. ब्रिटनने २०१६ साली युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, अमेरिकेने २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेतून अंग काढून घेतले आणि जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना सोडण्याचा आदेश काढला, ही त्यांची नेहमीची उदाहरणे. आपल्या देशात राज्यांचे अधिकार दिल्लीकडे सरकत आहेत, ही त्याला जोड. निष्कर्ष ठरलेला : संघराज्य वाचवा, जागतिक सहकार्य वाचवा.

हे निदान खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु या साऱ्या मांडणीत एक माणूस कुठेच दिसत नाही. तो गावकुसाबाहेरचा माणूस. संघराज्य शाबूत होते तेव्हा त्याचे काय चालले होते, आणि जागतिक सहकार्य जोरात होते तेव्हा त्याचा अर्ज कुठे पडून होता, हा प्रश्न या परिसंवादांत विचारला जात नाही. तो विचारणे हे या लेखाचे काम आहे.

सुरुवात शब्दापासूनच केली पाहिजे. ‘पॉप्युलिझम’ला आपण ‘लोकानुनय’ म्हणतो आणि मनात चित्र उभे राहते ते फुकट वाटलेल्या साड्यांचे, माफ केलेल्या कर्जांचे. हे भाषांतर मूळ दुखणे लपवते. अनुनय हा त्यातला गौण भाग आहे. मुख्य भाग ‘लोक’ हा आहे. लोक म्हणजे एकच, त्यांचे मन एकच, ते मन एकाच नेत्याला कळते, आणि जो त्या मनाच्या आड येईल तो लोकांपैकी नव्हेच, असा हा विचार आहे. न्यायालय आडवे आले तर ते लोकविरोधी, एखादे राज्य आडवे आले तर ते फुटीर, परदेशातून कुणी प्रश्न विचारला तर तो कट.

आम्हाला हा विचार नवा नाही. मराठीत त्याला फार जुनी म्हण आहे : गाव करी ते राव न करी. ही म्हण शाळेत एकीचे बळ शिकवताना सांगतात. ती शिकणाऱ्या आमच्या पोरांना मात्र ठाऊक असते की ‘गाव’ या शब्दात महारवाडा, मांगवाडा मोजलेला नाही. ‘गावाने ठरवले’ म्हणजे आम्हाला वगळून ठरवले, आणि बहुधा आमच्याविरुद्धच ठरवले. पाणी बंद करायचे गावाने ठरवले. वरात अडवायची गावाने ठरवले. आणि पोलीस आले तर त्यांना सांगायचे, साहेब, हा आमच्या गावचा मामला आहे, आमचे आम्ही मिटवू.

‘आमच्या गावचा मामला’ हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. तेच पुढे राज्याच्या तोंडी येते आणि राष्ट्राच्याही. शब्द तेवढे सुसंस्कृत होत जातात.

२

महाड आपण दरवर्षी साजरे करतो. संघराज्याचा प्रश्न समजून घेण्यासाठी मात्र ते आपण फारसे वाचलेले नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. म्हणजे वरच्या पातळीवरचे दार उघडले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. दुसरे दारही कागदावर उघडले. पण तळ्यावर जायची कुणाची छाती झाली नाही, कारण तिसरे दार गावाच्या हाती होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारोंनी ते पाणी ओंजळीत घेतले. पुढे काय झाले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. स्थानिक स्वराज्याने लोकभावनेचा मान राखला! मग वाद दिवाणी न्यायालयात गेला. सवर्णांचा दावा असा की तळे सार्वजनिक नाहीच, ते खाजगी आहे. म्हणजे पुन्हा तेच, घरचा मामला. मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने शेवटचा निकाल दिला मार्च १९३७ मध्ये. दहा वर्षे लागली.

यात प्रांत आहे, नगरपालिका आहे, न्यायालय आहे आणि ‘लोक’ही आहेत. सत्तेचे विकेंद्रीकरण म्हणजे आपोआप लोकशाही, असे मानणाऱ्यांनी सांगावे की या कथेत सत्ता सर्वांत खालच्या पायरीवर असती तर तळे कधी खुले झाले असते? आणि वरच्या पायरीवरच सर्व काही होते, असे मानणाऱ्यांनी सांगावे की १९२३ ते १९२७ या चार वर्षांत वरच्या ठरावाने एका माणसाची तरी तहान भागली का? वरचे दार उघडले म्हणून खाली लढता आले, आणि खाली लढले म्हणून वरच्या दाराला अर्थ आला. महाडचा राज्यशास्त्रीय धडा इतका साधा आहे.

३

२९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत बाबासाहेबांनी एक व्याख्यान दिले. ते ‘फेडरेशन व्हर्सेस फ्रीडम’ या नावाने प्रसिद्ध झाले. संघराज्य विरुद्ध स्वातंत्र्य, हे शीर्षकच आजच्या परिसंवादवाल्यांना बुचकळ्यात टाकील.

वाद होता १९३५ च्या कायद्यातल्या संघराज्याचा. त्या योजनेत संघाच्या कनिष्ठ सभागृहात ३७५ जागा होत्या आणि त्यांपैकी १२५ संस्थानांना दिल्या होत्या. वरिष्ठ सभागृहात २६० पैकी १०४. या जागांवर संस्थानी प्रजेने निवडलेले लोक बसणार नव्हते, राजांनी नेमलेले बसणार होते. ब्रिटिश मुलखातला निवडून आलेला सभासद आणि राजाच्या मर्जीतला माणूस एकाच सभागृहात सारख्या मताने बसणार, आणि संस्थानाने संघाकडे न सोपवलेल्या कारभारात मात्र संघाला हात घालता येणार नाही, असा तो सौदा होता. बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा की घटक एकत्र आले म्हणून माणसे स्वतंत्र होत नाहीत. घटकाच्या आतला माणूस प्रजा आहे की नागरिक, हे आधी पाहावे लागते.

या व्याख्यानामागे एक अनुभव आहे. संस्थानांचे चांगले रूप बाबासाहेबांइतके कुणी पाहिले नव्हते. बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेला गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, तेव्हा ब्रिटिश मुंबई प्रांताच्या स्वप्नातही ते नव्हते. तरीही १९१७ साली त्याच बडोद्यात, त्याच राजाच्या नोकरीत असताना, बाबासाहेबांना राहायला घर मिळाले नाही. राजाची कृपा होती, पण शेजाऱ्यांवर चालेल असा हक्क नव्हता. ज्याने कृपेचे फळ चाखले होते त्यानेच वीस-बावीस वर्षांनी उभे राहून सांगितले की कृपेवर राज्यघटना उभी करता येत नाही.

आज हे व्याख्यान पुन्हा वाचायचे ते यासाठी. राजे गेले, संस्थाने गेली. पण नागरिकाची पुन्हा प्रजा करण्याचा उद्योग नव्या नावाने सुरू आहे. आज त्याला ‘लाभार्थी’ म्हणतात. धान्याच्या पिशवीवर फोटो छापला जातो आणि हक्काचे धान्य नेत्याची भेट होते. दिल्लीच्या सरकारात हे चालते आणि दिल्लीशी भांडणाऱ्या राज्यांतही चालते. २०२५ मध्ये महाराष्ट्रात सामाजिक न्याय खात्याचा निधी ‘लाडकी बहीण’ योजनेकडे वळवला गेला, अशी जाहीर तक्रार त्या खात्याच्या मंत्र्यांनीच केली. त्या योजनेचा पैसा आमच्याही बहिणींच्या हाती पडतो, हे खरे. परंतु वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी राखलेला वाटा घोषणेसाठी उचलता येतो, याचा अर्थ तो वाटा हक्क उरलेला नाही, देणगी झाला आहे. आणि हे कुणी दिल्लीने केलेले नाही. राज्याने आपल्या स्वायत्त अधिकारात केले आहे.

४

१९५५ चे ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ हे पुस्तक महाराष्ट्रात गैरसोयीचे मानले जाते. एक राज्य, एक भाषा, हे बाबासाहेबांना मान्य होते. एका भाषेचे एकच राज्य असले पाहिजे, हे मान्य नव्हते. मराठी मुलखाची चार राज्ये करावीत, असे त्यांनी सुचवले : मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. कारण भाषेच्या नावाने उभ्या राहणाऱ्या राज्यात एखादी संख्येने मोठी, जमिनीने बळकट जात कायमची सत्ताधारी होते, आणि इतरांनी तिच्या दयेवर जगायचे असते. राजकीय बहुमत बदलू शकते. जातीचे बहुमत जन्माने ठरलेले असते, ते बदलत नाही. हे त्यांचे निदान लोकानुनयाच्या आजच्या कितीतरी पुस्तकांपेक्षा खोल आहे. ‘लोकांचे मन’ म्हणून जे सांगितले जाते ते पुष्कळदा एका स्थायी बहुसंख्येचे मन असते, हे त्यांनी सत्तर वर्षांपूर्वी दाखवले.

बाबासाहेब गेले, आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत इतर पक्षांच्या बरोबरीने लढले. भूमिहीनांचे प्रश्न घेऊन, ताठ मानेने लढले. १९६० साली महाराष्ट्र झाला. मराठी माणसाच्या त्या राज्यात आम्ही मराठी माणूस होतो की नव्हतो, याची परीक्षा अठरा वर्षांनी झाली. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला आणि मराठवाडा पेटला. घरे जाळली, माणसे मारली. त्या हिंसेला जे तात्त्विक वस्त्र नेसवले गेले ते काय होते? मराठवाड्याची अस्मिता, मराठवाड्याच्या भावना! प्रादेशिक स्वायत्ततेची भाषा आमच्या जळत्या घरांवर बोलली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. विधिमंडळाच्या ठरावाला सोळा वर्षे ‘लोकभावने’ने ओलीस धरले. लोकानुनय काय असतो हे शिकायला आम्हाला हंगेरीला किंवा अमेरिकेला जावे लागत नाही.

तरीही या पुस्तकाची चिकित्सा केलीच पाहिजे. केवळ वंदन करण्याने बाबासाहेबांचा विचार पुढे जात नाही. त्यांनी राज्ये लहान करण्याचा एक आधार असा दिला की बहुसंख्येचे ओझे लहान असले तर अल्पसंख्य ते एक वेळ सोसतील, पण ते डोंगराएवढे झाले तर सोसवणार नाही. आमच्या मते हा युक्तिवाद अपुरा आहे, आणि त्याचा प्रतिवाद खुद्द बाबासाहेबांच्याच विचारात आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी ग्रामगौरवाचे वाभाडे काढले होते. गाव म्हणजे तर सर्वांत लहान घटक. तिथली बहुसंख्या दोन-चारशे घरांची. पण आमच्या छातीवर सर्वांत जड धोंडा तिचाच बसला. मग ओझे आकारावर ठरत नाही. ते ठरते त्या घटकाच्या वर दाद मागायला जागा आहे की नाही, यावर. गाव जड होते कारण गावाच्या वर कुणी नव्हते; जो होता तो गावालाच विचारून निर्णय देत होता. हे बाबासाहेब जाणत होते, म्हणूनच १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची आणि स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. १९५५ चे पुस्तक १९४७ च्या निवेदनाशेजारी ठेवून वाचले तरच पुरे होते. राज्याच्या सीमा कुठे आखायच्या हा दुय्यम प्रश्न. सीमेच्या आत अडकलेल्या माणसाला सीमेच्या वर हाक मारता येते का, हा पहिला प्रश्न.

५

मग दिल्ली हेच वरचे दार समजायचे का?

घटनेने काही अंशी तसे मानले आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, आणि त्याखालच्या गुन्ह्यांना शिक्षा ठरवण्याचा अधिकार अनुच्छेद ३५ ने केवळ संसदेला दिला. राज्यांच्या विधिमंडळांना तो मुद्दाम दिला नाही. पण पोलीस हा विषय राज्यांच्या सूचीत राहिला. परिणाम असा की कायदा दिल्लीचा, पोलीस मुंबईचा आणि साक्षीदार गावचा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची सारी कर्मकहाणी या एका वाक्यात आहे. त्या कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांनुसार मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीने वर्षातून किमान दोन वेळा बसले पाहिजे. आपल्या राज्यात ती किती वेळा बसते, हे प्रत्येक कार्यकर्त्याने माहितीच्या अधिकारात विचारावे. राज्याच्या स्वायत्ततेचे मोजमाप तिथे होईल.

दिल्लीचे दारही नेहमी उघडे नसते. २० मार्च २०१८ रोजी, नेमक्या महाडच्या तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालची अटक आणि गुन्ह्याची नोंद यांवर अटी घातल्या. ते प्रकरण महाराष्ट्रातलेच होते. २ एप्रिलला देशभर बंद झाला, माणसे मेली, आणि मग ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून त्या अटी काढल्या. दार आतून उघडले नाही, बाहेरून ढकलावे लागले.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे पाहा. आपली पोरे तिला भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतात. १९४४ पासूनची ही योजना. पण पैसा कुणी द्यायचा, यावर दिल्ली आणि राज्ये यांची ओढाताण चालली. मधल्या काळात मोठा भार राज्यांवर ढकलला गेला आणि केंद्राचा वाटा आटत गेला. अखेर डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने साठ टक्के आणि राज्याने चाळीस टक्के असा वाटा ठरला. तोवर किती मुलांनी कॉलेज सोडले, याची जबाबदारी दिल्लीने राज्यावर आणि राज्याने दिल्लीवर टाकली. याला ‘सहकारी संघराज्य’ असे गोंडस नाव आहे. फी भरायला उभ्या असलेल्या मुलीच्या दृष्टीने हे सहकार्य जबाबदारी झटकण्यातले आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मधल्या बहिष्कारविरोधी मागणीला धरून स्वतंत्र कायदा केला तो दिल्लीने नव्हे, महाराष्ट्राने. २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ पासून तो लागू झाला. जातपंचायतींच्या छळाविरुद्ध कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या कामाचे ते फळ होते. एकच राज्य पुढे जाऊ शकले, कारण सारे काही दिल्लीत ठरत नव्हते. संघराज्याचा आम्हाला असलेला उपयोग हा असा आहे. एक दार बंद झाले तर दुसरे ठोठावता येते. सारी दारे एकाच माणसाच्या हाती गेली तर ठोठावायला काही उरत नाही. लोकानुनयी केंद्रीकरणाला आमचा विरोध आहे तो या कारणाने. राज्यांच्या अस्मितेचे आम्हाला प्रेम आहे म्हणून नव्हे.

६

आता देशाच्या वरचे दार.

१९४६ साली दक्षिण आफ्रिकेने तेथील भारतीयांविरुद्ध जमीनमालकीचा आणि वस्तीचा भेदभाव करणारा कायदा केला. भारताने, तोही पूर्ण स्वतंत्र होण्याआधी, हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. दक्षिण आफ्रिकेने उत्तर दिले की हा आमचा अंतर्गत मामला आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतला तसा आधारही दाखवला. भारत म्हणाला, माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न कुणाच्या घरचा मामला असू शकत नाही. डिसेंबरमध्ये आमसभेने भारताच्या बाजूचा ठराव केला. त्या दिवशी भारताने जगातल्या सर्व पीडितांसाठी एक दार उघडले.

त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतले निग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचले, त्याची प्रत हवी आहे, अस्पृश्यही तसा विचार करीत आहेत, असा त्या पत्राचा आशय. डुबॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. दोन देशांतल्या गावकुसाबाहेरच्या माणसांनी एकमेकांना केलेली ही हाक म्हणजे आमच्या लेखी आंतरराष्ट्रीय सहकार्याचे पहिले पान आहे. राष्ट्रप्रमुखांच्या हस्तांदोलनाची छायाचित्रे नंतर येतात.

पुढे काय झाले ते मात्र कटू आहे. वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९६५ साली झाला. त्यातल्या भेदभावाच्या व्याख्येत ‘वंश, वर्ण’ यांच्याबरोबर ‘कूळजन्म’ या अर्थाचा शब्द आहे, आणि तो भारताच्या सूचनेवरून आला. १९६८ साली भारताने करार मान्य केला. पण १९९६ मध्ये करारावरच्या समितीने विचारले की कूळजन्मात जात येते ना, तेव्हा भारत सरकार म्हणाले, नाही येत. २००१ साली डर्बनच्या जागतिक परिषदेत दलित संघटना गेल्या, तेव्हाही सरकारचे म्हणणे तेच : जात हा वंश नव्हे, आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. ज्या दक्षिण आफ्रिकेचे हे उत्तर आपण १९४६ साली खोडून काढले, त्याच दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर आपण ते स्वतःच्या तोंडून दिले! २००२ साली समितीने कूळजन्मात जात येते, असा स्पष्ट अर्थ लावला. डिसेंबर २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी दिल्लीत अस्पृश्यतेची तुलना वर्णद्वेषी राजवटीशी केली, आणि दोनच महिन्यांनी जिनिव्हात सरकारने पुन्हा जुना पाढा वाचला. इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क या संस्थेने संयुक्त राष्ट्रांत सल्लागार दर्जासाठी २००८ साली अर्ज केला. भारताने प्रश्नामागून प्रश्न विचारले, शंभराहून अधिक. दर्जा मिळाला डिसेंबर २०२२ मध्ये. तहसील कचेरीत ज्याचा अर्ज ‘त्रुटी’ काढून परत येत राहतो, त्याला ही पद्धत ओळखीची वाटेल.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. यातली बरीच वर्षे सत्तेवर ज्यांना आज लोकानुनयी म्हटले जाते ते नव्हते. उदारमतवादी होते, जागतिक सहकार्याचे पुरस्कर्ते होते. लोकानुनयाने ‘अंतर्गत मामला’ ही भाषा शोधून काढलेली नाही. ती त्याला तयार मिळाली. त्याने तिला फक्त मैदानात आणून टाळ्या मिळवल्या.

आणि हे दुखणे केवळ आपलेच नाही. जपानच्या सरकारने बुराकू समाजाबद्दल असेच म्हटले, की कूळजन्म या शब्दात ते बसत नाहीत. १९४७ साली डुबॉइस आणि सहकाऱ्यांनी दिलेले निवेदन अमेरिकेच्या शिष्टमंडळाने पुढे नेण्याचे टाळले. ब्रिटनच्या संसदेने २०१३ साली जातीला समतेच्या कायद्यात घेण्याचे बंधन सरकारवर घातले, आणि २०१८ साली सरकारने ते न करण्याचे ठरवले. तेव्हा आंतरराष्ट्रीय समुदाय म्हणून जो काही आहे, तो सरकारांचा समुदाय आहे, आणि सरकारे एकमेकांच्या घरात डोकावत नाहीत.

तरीही वाटा निघतात, आणि त्या पुष्कळदा मधल्या पायऱ्यांवरून निघतात. अमेरिकेतल्या सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली. तिथल्या दलित कामगारांनी, विद्यार्थ्यांनी ती मिळवली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने ते नाकारले. एका शहराने दिले, एका राज्याच्या प्रमुखाने नाकारले. दारे अनेक असली की असे होते. सर्व उघडत नाहीत, पण सर्व बंदही होत नाहीत.

७

शेजारच्या नेपाळकडे आपण फार कमी पाहतो. २०१५ साली त्या देशाने संघराज्याची घटना स्वीकारली. तिच्यात अस्पृश्यतेविरुद्धचा हक्क आहे, दलितांच्या हक्कांचा स्वतंत्र अनुच्छेद आहे. स्थानिक निवडणुकीच्या कायद्याने प्रत्येक वॉर्डात एक दलित स्त्री सदस्य असलीच पाहिजे असे ठरवले, आणि २०१७ च्या निवडणुकीत सहा हजारांहून अधिक दलित स्त्रिया निवडून आल्या. संघराज्य आखतानाच सर्वांत खालच्या पायरीवर सर्वांत खालच्या माणसाला खुर्ची ठेवणे, ही गोष्ट आपल्या घटनापंडितांनी अभ्यासावी अशी आहे.

परंतु मे २०२० मध्ये पश्चिम रुकुम जिल्ह्यात एक दलित तरुण आपल्या सवर्ण प्रेयसीला आणायला मित्रांसह गेला, आणि जमावाने त्यांना नदीपर्यंत पिटाळले. सहा तरुण मेले. आरोपींत वॉर्डाचा निवडून आलेला अध्यक्ष होता. म्हणजे खुर्ची आली, तरी ‘गाव’ शिल्लक होते. खुर्चीच्या वर न्यायालय होते म्हणूनच तो अध्यक्ष आरोपी तरी झाला.

८

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. तो इशारा आज सारेच परिसंवादात वापरतात. पण व्यक्तिपूजा कशी उगवते, हे त्यांनी त्याच भाषणात सांगितले होते : मतात समता आणि जीवनात विषमता असा अंतर्विरोध फार काळ चालू राहिला, तर विषमतेने गांजलेले लोकच ही इमारत उडवून देतील. आजच्या लोकानुनयी नेत्याला ऐकायला जो गरीब माणूस तासन् तास उन्हात उभा राहतो, त्याला आम्ही मूर्ख समजत नाही. त्याचा अर्ज प्रत्येक कचेरीतून परत आला आहे. पायऱ्या आहेत, पण एकाही पायरीवर त्याचे ऐकले गेले नाही, म्हणून पायऱ्याच नकोत, थेट एकच माणूस हवा, असे त्याला वाटू लागले आहे. संघराज्याचे आणि जागतिक संस्थांचे खरे अपयश इथे आहे, आणि त्याची कबुली दिल्याशिवाय लोकानुनयाविरुद्धची लढाई पांढरपेशांचा गृहपाठ राहील.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट असावी. संघराज्य वाचवा म्हणणाऱ्यांना आम्ही साथ देऊ, पण विचारू की राज्याला मिळालेला अधिकार गावकुसाबाहेर कधी पोहोचणार. मजबूत केंद्र हवे म्हणणाऱ्यांना विचारू की पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेतली गेली नाही, त्या रात्री तुमचे मजबूत केंद्र कुठे होते. जागतिक सहकार्याचे गोडवे गाणाऱ्यांना विचारू की जिनिव्हात जातीचे नाव घेताना तुमची जीभ का अडखळते. आणि राष्ट्राभिमानाने ‘हा आमचा घरचा मामला’ म्हणणाऱ्याला एवढेच विचारू : या घरात आम्ही राहतो का? राहत असू, तर घरातल्या माणसाने हाक मारली तेव्हा दार कुणी लावून घेतले होते?

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी एक काम लगेच करण्याजोगे आहे. आपल्या तालुक्यातले एक प्रकरण घ्यावे. शिष्यवृत्तीचे, बहिष्काराचे, पाण्याचे, कोणतेही. तो अर्ज ग्रामपंचायतीपासून कुठकुठे गेला, प्रत्येक पायरीवर कुणी काय शेरा मारला, किती दिवस ठेवून घेतला, हे तारीखवार लिहून काढावे. विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे. आपली आत्मकथने गावाच्या वेशीपर्यंत आली, शहरापर्यंत आली. या अर्जांचा प्रवास अजून कुणी लिहिलेला नाही. तो लिहिला गेला की संघराज्य म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्या कुणाकडून शिकावे लागणार नाही.